शेवाळबाई आणि देवीची पुडी

आमच्या घराच्या तिन्ही अंगांना पाणी होतं आणि प्यायला नव्हतं. वडखळच्या खाडीपट्ट्यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाबा मिठागरावर कामाला. एका उधाणात बांध फुटला, खारं पाणी भातात शिरलं आणि त्यानंतर आमच्याकडे शेत म्हणून पांढरा पडलेला चिखल उरला. पिण्याचं पाणी टँकरने यायचं, यायचं तेव्हा. ते पिंपात साठवायचं. उन्हाळा लागला की पिंपाला आतून हिरवा थर धरायचा. आई राख आणि नारळाची शेंडी घेऊन पिंपात कमरेपर्यंत वाकायची आणि आतून तिचा आवाज घुमायचा, "ही मेली हिरवी घाण माजा जीव घेऊन जानार गो!"

मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली. हे मी मिरवते. ज्यांना खटकतं त्यांनी दुसरं काही वाचावं. कॉलेज पेण आणि रोह्याच्या मध्ये, हायवेच्या धुळीत. त्याचं नाव मी घेणार नाही, घ्यायची इच्छाही नाही. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "शेवाळ कुणी पाहिलंय?" मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या पाण्याच्या पिंपात असते, ती घाण." वर्ग खदखदून हसला. बाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर आपटला.

"घाण कुणाला म्हणालीस? ओळख आहे का तुमची?" मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही दात काय काढताय? हवेत प्राणवायू नव्हता तेव्हा ह्या घाणीच्या पूर्वजांनी तो सोडला. म्हणून आज तुम्ही नाकाने श्वास घेऊन तोंडाने हसताय. आधी आभार माना, मग हसा!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिंपाची खरवड बाटलीत घालून आणायला लावली. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या गुंत्यात निळसर मण्यांच्या माळा दिसल्या. एकेक मणी जिवंत. काही माळा हळूहळू सरकत होत्या. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्हण आता घाण." मला म्हणता आलं नाही. आजवर आलेलं नाही.

त्यांना सगळे मागून शेवाळबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं, पण त्याचा राग त्यांना कधी आला नाही. राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टींचा. "याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं की चष्मा टेबलावर. एका मुलाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुझा काय उपयोग आहे? तरी आई जेवायला घालते ना?" शेवाळ शेवाळ म्हणत असलो तरी ही शेवाळं नव्हेत, हे जीवाणू आहेत, सूर्यप्रकाशावर जगणारे; निळे-हिरवे म्हणून ओळखले जाणारे. हे त्या इतक्या वेळा सांगत की कँटीनवालासुद्धा चहा देताना म्हणायचा, "मॅडम, तुमचे जीवाणू काय म्हणतात?" त्यावर त्या गंभीरपणे उत्तर द्यायच्या, "वाढतायत. तुमच्या चहासारखे पातळ नाहीत."

बाई पेणच्या. त्यांच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना होता आणि लहानपणापासून बाई मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत. श्वास रोखायचा, मनगट टेकवायचं, आणि केसाएवढ्या कुंचल्याने बुबुळाची कड एका दमात ओढायची. तोच हात पुढे सूक्ष्मदर्शकाखाली चालला. काच तापवून ओढलेली बारीक सुई घेऊन त्या शंभर तंतूंच्या गुंत्यातला एकच तंतू उचलायच्या आणि दुसऱ्या बशीत ठेवायच्या. त्या एकाचीच पुढे वाढ करायची, म्हणजे जे वाढेल ते एकाच जातीचं. मी करायला गेले की माझा तंतू तुटायचा. "घाई झालीय का? गणपतीला तिरळा करशील," असं म्हणून हातातून सुई काढून घ्यायच्या.

अशी बाई कॉलेजात तासिका तत्त्वावर होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: शिकवलात तेवढा तास तुमचा, बाकी तुम्ही कुणी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तीही कालपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोरांसमोर. केस पांढरे झाले तरी बाई तासावरच. त्यांना कपाट मिळालं नाही, कारण कपाट कायम शिक्षकांना. त्यांचे फ्लास्क खिडकीच्या कट्ट्यावर उभे असायचे. "मी तासावर," त्या म्हणायच्या, "पण माझी लेकरं पूर्णवेळ." हे हसत म्हणायच्या असं कुणाला वाटत असेल तर त्याने त्यांचा चेहरा पाहिला नव्हता.

रानात जाताना पिशवीत जुना टूथब्रश, दाढीचं पातं आणि दिनदर्शिकेची फाडलेली पानं. प्लास्टिकची पिशवी कुणी पुढे केली की हातावर फटका. "प्लास्टिकात कुजतं. कागदात वाळतं. वाळलं म्हणजे मेलं नाही, ध्यानात ठेव. हे जीव वर्षानुवर्षं कोरडे पडून राहतात आणि पाणी मिळालं की उठून बसतात." वाणी वेलचीची पुडी बांधतो तशी त्या पुडी बांधायच्या, वर पेन्सिलीने ठिकाण आणि तारीख. शाई पुसते म्हणून पेन्सिल.

रोह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक देवराई आहे. वाडीचं नाव लिहीत नाही, नाहीतर रविवारी गाड्या भरून लोक जातील आणि वेफर्सची पाकिटं टाकून येतील. मी दुसऱ्या वर्षाला असताना बाई मला तिथे घेऊन गेल्या. देवीच्या चौथऱ्यावर वरच्या झाडाचं पाणी ठिबकतं, त्या दगडावर काळपट मखमल धरली होती. बाईंनी बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं. बघता बघता काळ्याचं निळसर हिरवं झालं. बाई गुडघे टेकून बसल्या आणि भिंग लावून इतका वेळ बघत राहिल्या की तिथल्या गुरवमामांना वाटलं, त्यांच्या अंगात आलं.

"मामा, नखाएवढं खरवडून नेते," बाई म्हणाल्या.

"नाय. हितली काडीसुदा भायेर जात नाय."

"काडी नकोच मला. दगडावरचं काळं पाहिजे."

"काळा असो नायतर गोरा. देवीचा हाय."

"मग देवीलाच विचारा ना! तुम्ही कशाला मधे?"

मामा खूश झाले. असं बोलणारं शहरातलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं असावं. त्यांनी कौल लावला. देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाई चष्मा हातात घेऊन उभ्या. उजवी पडली.

"देवीनं दिला," मामा म्हणाले. "पन अर्धा तिचा. तुमी न्याल तेवडाच तिच्या म्होरं ठेवाचा. आनि एकदा दिलेला परत मागाचा नाय. शबूद द्या."

"शब्द," बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन सारख्या पुड्या बांधल्या, दोन्हींवर पेन्सिलीने सारखंच लिहिलं. एक पिशवीत गेली. दुसरी मामांनी देवळाच्या आढ्याला टांगलेल्या शिंक्यात, कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवली. उतरताना मला हसू आवरेना. "मॅडम, देवी काय करणार त्याचं?"

"जपेल," बाई फणकारल्या. "आपल्या कॉलेजपेक्षा बरं जपेल." त्या दिवशी सकाळीच त्यांना कपाटासाठी पुन्हा नाही म्हटलेलं होतं.

मग सुरू झालं "ही कोण?" बाई दुसरं काही बोलेनात. तंतूवर तपकिरी वेष्टण होतं, फांदी फुटल्यासारखी दिसायची पण ती खरी फांदी नव्हती, तंतूच बाजूने बाहेर पडलेला. हवेतला नायट्रोजन धरणारी जाड भिंतीची पेशी नेहमीच्या जागी नव्हती. जितकी पुस्तकं मिळाली तितकी उघडली, कुठल्याच वर्णनात ती बसेना. शहरातल्या प्रयोगशाळेतल्या दोन ओळखीच्या शास्त्रज्ञांनी तिची जनुकं तपासून दिली. उत्तर आलं की तिचे जवळचे नातेवाईक समुद्रापलीकडच्या पावसाळी जंगलांत आहेत, पण ते भावंडं नव्हेत, लांबचे चुलते. म्हणजे ही जात नवी. कुणीच कधी नोंदलेली नाही. बाईंनी मला वर्गातून बाहेर बोलावलं, सांगितलं, आणि लगेच ओरडल्या, "रडतेस काय? आकृत्या कोण काढणार?"

लेख एका शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला. त्यांच्या तपासनिसांचं म्हणणं आलं: वर्णन पटलं, पण जिवंत वाढ मान्य संग्रहात जमा करा, त्याशिवाय छापता येणार नाही. आमची पुडी वाढ करण्यात आणि तपासणीत संपली होती. जे होतं ते खिडकीतल्या फ्लास्कांत. त्यात एक दुसरा जीव घुसला होता. तो वेगळा काढायचा आणि शुद्ध वाढ पाठवायची, एवढंच काम उरलं होतं. तोवर ते शहरातले दोघे म्हणाले, आम्हाला जागा बघायची आहे. बाईंनी वाडीत निरोप धाडला की मोठी माणसं तुमचा दगड बघायला येतायत.

आम्ही पोचलो तर रस्त्यावर रांगोळी. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे. चौथरा तारेच्या ब्रशने घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन त्यावर पांढरा ऑइलपेंट मारलेला. दगडावर काळ्याचा ठिपका नव्हता. सगळी वाडी नवे कपडे घालून आमच्या तोंडाकडे बघत होती. "कसा चकाचक केला, बाय!" गुरवमामा म्हणाले. "पावन्यांसमोर काळा काळा बरा दिसत नाय."

माझ्या तोंडात आलंच होतं. बाईंनी माझा दंड असा दाबला की वळ उठला. "छान केलंत मामा," त्या म्हणाल्या, आणि दोन कप चहा प्यायल्या. परतीच्या वाटेवर मी तणतणत होते तेव्हा उसळून म्हणाल्या, "त्यांच्यावर कशाला चिडतेस? त्यांनी पाहुण्यांचा मान ठेवला. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे चहा पितेय आणि त्या काळ्यातच तुमची शोभा आहे हे एकदाही सांगितलं नाही. चिडायचं तर माझ्यावर चीड." मग जरा वेळाने म्हणाल्या, "फ्लास्कमध्ये आहे ना. जिवंत आहे."

त्याच महिन्यात कॉलेजला तपासणी समिती यायची होती. मी तोवर एमएस्सीला गेले होते आणि सुट्टीला बाईंकडे यायची. अशाच एका सुट्टीत आम्ही दोघी प्रयोगशाळेत शिरलो तर फिनेलचा वास. खिडकीचा कट्टा रिकामा. फ्लास्क धुऊन ओळीने उपडे घातलेले, असे चकाकत होते की आमचे चेहरे त्यात दिसत होते. बाईंनी बेसिनमध्ये हात घातला, जाळीत बोट फिरवून पाहिलं. बोटाला फिनेल लागलं.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कमिटीसमोर हिरवं पाणी ठेवायचं? डासांच्या अळ्या आहेत म्हणतील. आणि त्या वस्तूंची डेडस्टॉक रजिस्टरला नोंदही नव्हती."

"सर, जिवंत वस्तूची नोंद डेडस्टॉकला कशी असेल?"

"तेच म्हणतोय मी. नोंद नाही म्हणजे वस्तू नाही."

बाईंचा आवाज खाली कँटीनपर्यंत गेला. "तुम्ही काय धुतलंत ते कळायला तुम्हाला हा जन्म पुरणार नाही! फ्लास्क मात्र छान निघालेत. दाखवा कमिटीला. म्हणावं, आमच्याकडे काहीच वाढत नाही!"

वाडीने दगड घासला आणि कॉलेजने फ्लास्क घासले. पण ह्या दोन गोष्टी मला कुणी एका तागडीत घालून दाखवू नयेत. वाडीला माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं. ह्यांच्या दारावर विज्ञान विभाग अशी पाटी होती. आलेल्या समितीने पुलाव खाल्ला, शाल-श्रीफळ घेतलं आणि ती गेली. पुढच्या जूनमध्ये तासिकांच्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. कारण विचारायला मी गेले तर क्लार्क म्हणाला, "वर्तणूक."

मी बाईंना म्हणाले, देवीकडची पुडी मागूया. त्या माझ्यावर जेवढ्या चिडल्या तेवढ्या कधीच नव्हत्या चिडल्या. "परत मागणार नाही असा शब्द दिलाय मी! शब्द तपासनिसाला एक आणि गुरवाला एक असा नसतो." आम्ही भांडलो. मी म्हणाले, तुमच्या शब्दापायी एक जात मरेल. त्या म्हणाल्या, "तिची जात माझ्या आधीची आहे आणि माझ्या नंतर राहील. तू नीघ." पावसाळ्यात दरवेळी त्या एकट्या देवराईत जायच्या, बाकीचे दगड धुंडाळायच्या. तसं दुसरं काळं मिळालं नाही. मग गुडघे गेले, मग पोटातलं दुखणं निघालं.

शेवटच्या वेळी पेणच्या घरी गेले तेव्हा त्या खाटेवर होत्या. चष्मा उशाशी. आवाज बारीक झाला होता, पण सूर तोच. "इकडे ये. कंपनीत लागलीस म्हणे? शिफ्ट कुठली?" मी सांगितलं, रोह्याला, औषधं तपासण्याचं काम. "म्हणजे हात थांबलेला नाही," त्या म्हणाल्या. थोडा वेळ डोळे मिटून पडल्या. मग म्हणाल्या, "शब्द मी दिला होता. तू दिला नव्हतास." मी उशाचा चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला. "ती वाळलीय," त्या म्हणाल्या. "मेलेली नाही. कळलं का, की परत सांगू?"

बाई गेल्या. तेरावा झाला आणि मी साप्ताहिक सुट्टीला वाडीत गेले. गुरवमामा थकले होते. मी पुडी मागितली. मामांनी मान हलवली, कौल लावला. डावी पाकळी पडली. बाईंचा सगळा राग एकदम माझ्या अंगात आला. मी देवीसमोर ओरडले, "तुला काय करायचंय गं ती? तुझा दगड घासला तेव्हा तू गप्प बसलीस!"

"बायेवानीच चिडतेय ही," मामा हसत म्हणाले. "ती काय नाय आली?"

"बाई वारल्या, मामा."

मामांचं हसू गेलं. "आदी सांगाचा ना पोरी. देवीला काय ठावूक, कोन मागतंय?" त्यांनी नव्या पाकळ्या भिजवल्या, लावल्या, आणि गाऱ्हाणं घातलं, "जिनं शबूद दिलेला ती गेली. तिची लेक मागते." उजवी पाकळी जवळजवळ लगेच पडली. शिंक्यातनं पुडी काढताना मामा म्हणाले, "पन अर्धा."

अर्धी पुडी घेऊन मी घरी आले. धुराने कागद पिवळा पडला होता, पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी. काचेच्या बरणीत पोषक पाणी तयार केलं, त्यात ते काळं चूर्ण टाकलं आणि बरणी खिडकीत ठेवली. दिवसचे दिवस काही नाही. एकदा शिफ्टवरून आले तर खिडकी रिकामी, आणि आई मोरीत राख घेऊन भांडी घासत बसलेली. "आई, बरणी?"

"वराडतेस कनाला गो? ऊन लागत व्हता तिला. आत ठेवलीय, देवाजवळ." आणि हात धुऊन स्वतःच बरणी घेऊन आली. काचेला आतून निळसर हिरवी मखमल धरली होती. आयुष्यभर पिंप घासलेली माझी आई ती बरणी उजेडात धरून म्हणाली, "जित्ती हाय बघ."

बाईंच्या सुईने मी एक तंतू उचलला. तुटला. दुसरा उचलला. बरेच तुटल्यानंतर एक आला. लेख पुन्हा गेला, त्या शहरातल्या दोघांनी मदत केली, आणि या वेळी परत आला नाही.

बातमी फुटल्यावर कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. 'आमच्या महाविद्यालयाचा अभिमान', खाली बाईंचा फोटो, त्यांच्याहून मोठा प्राचार्यांचा. मी तो उतरवला. चोरून नाही, भर दुपारी, वॉचमनच्या देखत. तो म्हणाला, "ताई, मला विचारतील." मी म्हणाले, "सांगा, त्याची डेडस्टॉकला नोंद नव्हती." फ्लेक्सच्या उलट्या बाजूने आता आमच्या पडवीची गळती थांबली आहे.

ती जात आता नोंदलेली आहे. तिच्या नावातला दुसरा शब्द देवराईवरून घेतला आहे. वाळवलेला मूळ नमुना संग्रहालयात आहे, जिवंत वाढ दोन संग्रहांत आहे, आणि उरलेली अर्धी पुडी शिंक्यात, कुंकवाच्या डब्याशेजारी. चौथऱ्याचा ऑइलपेंट वाडीने स्वतः खरवडून काढला, आणि आता त्या दगडाला कुणी ब्रश लावत नाही. शोधणाऱ्यांच्या नावांत पहिलं नाव बाईंचं आहे. दुसरं माझं.